विधाने-निष्कर्षांचे प्रश्न पुन्हा पुन्हा चुकत असतील, तर काय तपासावे

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, बँकांच्या परीक्षा आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा यांची तयारी करून घेताना माझ्यासमोर येणाऱ्या वह्यांत एक दोष सतत सापडतो. दिलेली विधाने खरी धरून त्यांतून कोणता निष्कर्ष निघतो ते विचारणारे विधाने व निष्कर्ष, म्हणजे ज्याला मुले सर्रास सिलॉजिझम म्हणतात, त्या प्रकरणाचे नियम पाठ असतात, व्हिडिओ पाहून झालेले असतात आणि तरीही चाचणीत त्या गटातले निम्मे प्रश्न चुकतात. यावर विद्यार्थी बहुधा एकच उपाय करतो, तो म्हणजे आणखी प्रश्न सोडवणे. मूळ चूक न शोधता केलेल्या सरावाने तीच चूक अधिक वेगाने करण्याची सवय लागते, म्हणून आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधावे, आणि ते शोधताना सर्वांत सोप्या व बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करावी.

लक्षणे

अलीकडच्या सराव चाचण्यांतील या प्रकरणाचे फक्त चुकलेले प्रश्न एका कागदावर उतरवून घ्यावेत. त्यांत पुढीलपैकी काही ना काही दिसेल. अ, ब, क अशी अक्षरे असलेले प्रश्न बरोबर येतात, पण त्याच साच्यात शिक्षक, नद्या, किल्ले अशी ओळखीची नावे आली की उत्तर चुकते. ‘एकही नाही’ किंवा ‘काही नाहीत’ असे नकारार्थी विधान असलेल्या प्रश्नांतच चुका साचलेल्या असतात. दोन्ही विधानांत ‘काही’ असूनही एखादा निष्कर्ष बिनदिक्कत स्वीकारलेला असतो. ‘एकतर पहिला किंवा दुसरा’ हा पर्याय कधीच निवडलेला नसतो, नाहीतर काही सुचेनासे झाले की दर वेळी तोच निवडलेला असतो. ‘शक्यता आहे’ हे शब्द निष्कर्षात आले की उत्तर अंदाजाने दिलेले असते. शेवटचे लक्षण सर्वांत फसवे आहे, ते म्हणजे आकृती अगदी नेटकी काढलेली असते आणि त्या आकृतीवरूनच चुकीचे उत्तर काढलेले असते.

एकाच विद्यार्थ्यात यांतील दोन-तीन लक्षणे एकत्र आढळणे नेहमीचे आहे. तरीही तपासणीचा क्रम बदलू नये, कारण वरवरचा दोष काढल्याशिवाय खोलवरचा दिसत नाही.

पहिली तपासणी: आपल्या माहितीची भेसळ

पुढील दोन उदाहरणे पाहावीत. ‘सर्व नद्या समुद्राला मिळतात. लुणी ही नदी आहे. म्हणून लुणी समुद्राला मिळते.’ लुणी कच्छच्या रणात विरून जाते हे भूगोल वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे हात आपोआप ‘निष्कर्ष चूक’ या पर्यायाकडे जातो. प्रत्यक्षात निष्कर्ष विधानांतून काटेकोरपणे निघतो, चुकीचे आहे ते पहिले विधान, आणि विधान खरे आहे का हे परीक्षेने विचारलेलेच नसते. आता दुसरे: ‘सर्व किल्ले दगडी आहेत. सिंहगड दगडी आहे. म्हणून सिंहगड किल्ला आहे.’ येथे निष्कर्ष खरा आहे, पण तो या विधानांतून निघत नाही. सिंहगडाच्या जागी ‘पाटा’ घातला की ते लगेच दिसते.

ही केवळ कच्च्या विद्यार्थ्यांची खोड नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तर्काने न निघणारा पण ऐकायला पटणारा निष्कर्ष सुमारे ७० टक्के वेळा स्वीकारला गेला होता. त्यामुळे ‘मी लक्ष देऊन वाचीन’ एवढा निश्चय पुरत नाही, त्यासाठी यांत्रिक उपायच हवा. प्रश्न वाचताच प्रत्येक नावाच्या जागी एक अक्षर लिहावे आणि त्यानंतर मूळ वाक्याकडे पाहू नये. चुकलेल्या प्रश्नांपैकी दहा प्रश्न अशा रीतीने पुन्हा सोडवावेत. त्यांतले बहुतेक बरोबर आले, तर दोष येथेच होता आणि पुढच्या तपासण्या सवडीने केल्या तरी चालतील.

दुसरी तपासणी: चार शब्दप्रयोगांचे नेमके अर्थ

बोलण्यातला अर्थ आणि परीक्षेतला अर्थ वेगळा पडतो, अशा जागा थोड्याच आहेत, पण मराठी माध्यमातून परीक्षा देणाऱ्यांचे सर्वाधिक गुण तेथेच जातात.

‘काही’ या शब्दाचा परीक्षेतला अर्थ ‘निदान एक’ एवढाच असतो. घरी आपण ‘काही पाहुणे आले’ म्हणतो तेव्हा बाकीचे आले नाहीत असे ऐकणाऱ्याला आपोआप कळते, परंतु ‘काही अ ब आहेत’ या विधानातून ‘काही अ ब नाहीत’ असे मुळीच निघत नाही. सर्वच्या सर्व अ ब असले तरी पहिले विधान खरेच राहते.

‘सर्व अ ब नाहीत’ ही रचना खरी घात करणारी आहे. ‘सर्व आंबे गोड नसतात’ असे बाजारात कोणी म्हटले, तर काही आंबे आंबट निघतात असाच अर्थ आपण घेतो, एकही आंबा गोड नसतो असा घेत नाही. काळजीपूर्वक काढलेल्या प्रश्नपत्रिकेत पूर्ण नकारासाठी ‘एकही’ किंवा ‘कोणताही’ वापरलेले असते, मात्र भाषांतरित प्रश्नांत आणि खासगी प्रश्नसंचांत ‘सर्व पेने वह्या नाहीत’ अशी वाक्ये सर्रास आढळतात. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत प्रश्न मराठी व इंग्रजी दोन्हींत छापलेला असतो, तेव्हा अशा वाक्यावर अडल्यास शेजारचे इंग्रजी वाक्य वाचावे. त्याला पाच सेकंद लागतात. इंग्रजी कच्चे असल्याच्या संकोचाने अनेक जण ती बाजू पाहतच नाहीत, हे मला कधी पटलेले नाही.

‘फक्त पदवीधरच अर्जदार आहेत’ याचा अर्थ सर्व अर्जदार पदवीधर आहेत. सर्व पदवीधर अर्जदार आहेत, असा त्याचा अर्थ नाही. ‘फक्त’ ज्या शब्दाला चिकटलेला असतो तो गट मोठा असतो, हे लक्षात ठेवले की पुरते. बँकांच्या परीक्षांत येणारे ‘केवळ काहीच अ ब आहेत’ हे विधान मात्र दुहेरी असते. काही अ ब आहेत आणि काही अ ब नाहीत, अशा दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी सांगते, आणि म्हणून तेथे सर्व अ ब असण्याची शक्यता उरत नाही. सर्व ब अ असण्याची शक्यता मात्र शिल्लक राहते, आणि प्रश्न नेमका तेवढाच विचारतो.

तिसरी तपासणी: विधान उलटे वाचले जाते का

जेथे धूर तेथे अग्नी, हे न्यायदर्शनातील, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेतील, अनुमानाचे सर्वपरिचित उदाहरण आहे. जेथे अग्नी तेथे धूर, असे कोणी उलटे म्हटले तर नैयायिक, म्हणजे त्या परंपरेतील पंडित, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात, कारण तेथे अग्नी आहे आणि धूर नाही. परीक्षेतील निम्म्या सापळ्यांचे गुपित या एका गोळ्यात आहे.

‘सर्व अ ब आहेत’ हे विधान उलटले तर ‘काही ब अ आहेत’ एवढेच हाती लागते. ‘काही अ ब आहेत’ आणि ‘एकही अ ब नाही’ ही दोन विधाने जशीच्या तशी उलटता येतात. ‘काही अ ब नाहीत’ हे विधान उलटताच येत नाही. ‘काही फळे आंबे नाहीत’ हे खरे आहे, पण त्यावरून ‘काही आंबे फळे नाहीत’ असे म्हटले तर कोणीही हसेल. गंमत अशी, की फळे-आंबे असताना हसणारा विद्यार्थी क्ष-य असताना तेच उलटे विधान निमूटपणे लिहून जातो. म्हणजे पहिल्या तपासणीत सांगितलेला अक्षरांचा उपाय येथे थोडा महागात पडतो, आणि म्हणूनच उलटण्याचे हे चार नियम पाठच असावे लागतात.

चौथी तपासणी: मधला दुवा खरोखर जोडतो का

‘सर्व तलाठी महसूल कर्मचारी आहेत. सर्व कोतवाल महसूल कर्मचारी आहेत.’ यावरून तलाठी आणि कोतवाल यांच्यात काय संबंध निघतो? काहीच नाही. काही तलाठी कोतवाल आहेत असेही निघत नाही आणि एकही तलाठी कोतवाल नाही असेही निघत नाही. दोन्ही विधानांत समान असलेला शब्द, म्हणजे मध्यपद, निदान एका विधानात पूर्णपणे व्यापलेले असावे लागते, म्हणजे त्या विधानाने त्या गटातील प्रत्येकाबद्दल काहीतरी सांगितलेले असावे लागते. ‘सर्व’च्या विधानात पहिले पद व्यापलेले असते, ‘एकही नाही’मध्ये दोन्ही पदे, ‘काही आहेत’मध्ये एकही नाही आणि ‘काही नाहीत’मध्ये फक्त दुसरे. वरच्या उदाहरणात ‘महसूल कर्मचारी’ हे पद दोन्हीकडे अर्धेच आले आहे, त्यामुळे एका विधानातला भाग आणि दुसऱ्यातला भाग एकच आहे याची हमी नाही. दोन ‘काही’च्या विधानांतून निष्कर्ष निघत नाही त्याचेही कारण हेच आहे. दोन्ही विधाने नकारार्थी असतील, तर मध्यपद दोन्ही गटांपासून तुटलेले असते आणि तेथेही हाती काही लागत नाही. एक विधान नकारार्थी असेल, तर निष्कर्ष होकारार्थी असू शकत नाही.

या टप्प्यावर एक विशिष्ट जोडी हमखास चुकते, म्हणून ती सविस्तर पाहू. ‘सर्व शिक्षक पदवीधर आहेत. एकही शेतकरी शिक्षक नाही.’ बहुसंख्य विद्यार्थी ‘एकही शेतकरी पदवीधर नाही’ हा निष्कर्ष स्वीकारतात. तो चूक आहे, कारण शिक्षकांखेरीज इतर पदवीधर असू शकतात आणि शेतकरी त्यांत असू शकतात. हे ज्यांना कळते, त्यांतले बरेच जण मग ‘कोणताही निष्कर्ष निघत नाही’ असे लिहून दुसऱ्या बाजूला चुकतात. जे शिक्षक आहेत ते पदवीधर आहेत आणि ते शेतकरी नाहीत, म्हणून ‘काही पदवीधर शेतकरी नाहीत’ हा निष्कर्ष निश्चित निघतो. नजर शेतकऱ्याकडून पदवीधराकडे जाते आणि निष्कर्ष मात्र पदवीधराकडून शेतकऱ्याकडे येतो, म्हणून तो दिसत नाही.

अर्थात, शिक्षक अस्तित्वात आहेत हे येथे गृहीत धरलेले आहे. चार प्रकारची विधाने आणि मध्यपदाच्या चार मांडण्या मिळून अशा अनुमानांचे २५६ साचे होतात. त्यांपैकी पारंपरिक तर्कशास्त्र २४ साचे वैध मानते आणि आधुनिक तर्कशास्त्र १५. हा फरक नेमका याच गृहीतकामुळे पडतो. आपल्या स्पर्धा परीक्षा पारंपरिक बाजूने चालतात, म्हणजे विधानात नाव आलेला गट रिकामा नाही असे धरतात. महाविद्यालयात आधुनिक तर्कशास्त्र शिकून आलेले हुशार विद्यार्थी येथे अडखळतात, आणि त्यांना हा एक खुलासा केला की त्यांचे सारे प्रश्न सुटतात.

पाचवी तपासणी: एकच आकृती काढून थांबता का

माझ्या मते हा या प्रकरणातील मुख्य दोष आहे, आणि आधीच्या चारही तपासण्यांतून सहीसलामत सुटलेला विद्यार्थी येथे सापडतो. पुढील प्रश्न घ्यावा: ‘काही अभियंते गिर्यारोहक आहेत. सर्व गिर्यारोहक शाकाहारी आहेत.’ विद्यार्थ्याच्या वहीत शाकाहाऱ्यांचे मोठे वर्तुळ असते, त्याच्या पोटात गिर्यारोहकांचे लहान वर्तुळ असते आणि अभियंत्यांचे वर्तुळ गिर्यारोहकांना छेदून शाकाहाऱ्यांच्या बाहेर डोकावत असते. आकृतीत काहीही चूक नाही. ‘काही अभियंते शाकाहारी आहेत’ हा निष्कर्ष तिच्यावरून बरोबर वाचला जातो. पण पुढे ‘काही अभियंते शाकाहारी नाहीत’ असा पर्याय असतो, पेन्सिल बाहेर डोकावलेल्या भागावर टेकते आणि तोही बरोबर ठरवला जातो. तो भाग विधानांनी सांगितलेला नव्हता, तो पेन्सिलने काढला होता.

अभियंत्यांचे अख्खे वर्तुळ शाकाहाऱ्यांच्या आत काढले तरी दोन्ही विधाने खरी राहतात आणि तो निष्कर्ष मोडतो. त्याचप्रमाणे गिर्यारोहक आणि शाकाहारी यांची वर्तुळे एकमेकांवर तंतोतंत बसवली, तर ‘काही शाकाहारी गिर्यारोहक नाहीत’ हा निष्कर्षही मोडतो. निष्कर्ष वैध आहे याचा अर्थ, विधाने खरी ठेवून तो मोडणारी एकही आकृती काढता येत नाही. म्हणून पहिली आकृती निष्कर्ष सुचवण्यापुरतीच असते, आणि दुसरी आकृती तो निष्कर्ष पाडण्याच्या उद्देशाने काढावी लागते. न्यायदर्शनाच्या पंचावयवी, म्हणजे पाच भागांच्या, अनुमानात उदाहरण हा स्वतंत्र अवयव आहे. परीक्षेतील या प्रश्नांत मात्र जुळणारी कितीही उदाहरणे काहीच सिद्ध करत नाहीत, न जुळणारे एक सापडले की काम होते.

दुसरी आकृती काढताना तीन गोष्टी हलवून पाहाव्यात. बाहेर डोकावणारा भाग आत घ्यावा, एकात एक असलेली वर्तुळे एकरूप करावीत, आणि ज्या दोन वर्तुळांबद्दल विधानांत अवाक्षर नाही ती एकदा वेगळी, एकदा छेदणारी काढावीत. ज्यांना एवढी हलवाहलव सुचत नाही, त्यांनी पद्धतच बदलावी. एकात एक वर्तुळे काढण्याची रीत लेऑनहार्ड ऑयलर या गणितज्ञामुळे अठराव्या शतकात रूढ झाली, आणि तिच्यातील हीच अडचण दूर करणारी पद्धत जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये मांडली. व्हेनच्या पद्धतीत तीन वर्तुळे नेहमी परस्परांना छेदणारीच काढतात, जो भाग रिकामा आहे त्यावर रेघोट्या मारतात, जेथे कोणीतरी आहे तेथे फुली करतात आणि जेथे काही माहिती नाही तो भाग कोरा ठेवतात. आपल्याला जे माहीत नाही ते कोऱ्या जागेच्या रूपाने समोर राहत असल्यामुळे पेन्सिल खोटे बोलू शकत नाही. मात्र ‘सर्व’ची विधाने आधी भरावीत आणि ‘काही’ची नंतर, नाहीतर फुली नेमकी कुठे पडते ते ठरत नाही. ही पद्धत हळू आहे, पण दोष काढण्यापुरती ती पंधरवडाभर वापरावी.

सहावी तपासणी: ‘एकतर-किंवा’ आणि ‘शक्यता’

पाचवी तपासणी झाल्याशिवाय येथे येऊ नये. तलाठी-कोतवालांच्या उदाहरणात दोन निष्कर्ष सुटे सुटे निघत नव्हते, परंतु ‘काही तलाठी कोतवाल आहेत’ आणि ‘एकही तलाठी कोतवाल नाही’ यांपैकी एक खरा असलाच पाहिजे, तिसरी वाट नाही. अशा वेळी ‘एकतर पहिला किंवा दुसरा’ हे उत्तर येते. त्यासाठी तीन अटी आहेत: दोन्ही निष्कर्षांतील पदे तीच असावीत, दोन्ही स्वतंत्रपणे निघत नसावेत, आणि दोन्ही एकाच वेळी खोटे ठरणे अशक्य असावे. ‘सर्व’ आणि ‘काही नाहीत’ ही जोडीही या अटींत बसते. ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’ ही जोडी बसत नाही, कारण मधली स्थिती शिल्लक राहते आणि दोन्ही खोटे ठरू शकतात. पदांचा क्रम उलटा दिला असेल, तर ‘काही’ व ‘एकही नाही’ची जोडी चालते, ‘सर्व’ व ‘काही नाहीत’ची चालत नाही. का, ते तिसऱ्या तपासणीत आले आहे.

शक्यतेच्या प्रश्नात शोधाची दिशा उलटी होते. निश्चित निष्कर्ष पाडण्यासाठी आपण मोडणारी एक आकृती शोधत होतो, येथे जुळणारी एक आकृती पुरते. विधाने न मोडता ती काढता आली की शक्यता मान्य करावी. अडचण नियमाची नसते, दोन्ही प्रकारचे निष्कर्ष एकाच प्रश्नात शेजारी शेजारी दिले जातात ही असते. ‘शक्यता’ शब्दाभोवती आधीच खूण करून ठेवावी.

वेळेची तक्रार मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या प्रोबेशनरी ऑफिसर पूर्वपरीक्षेत तर्कक्षमतेच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळतात, त्यामुळे प्रत्येक निष्कर्षासाठी दोन आकृत्या काढणे परवडत नाही हे खरे आहे. पण वेग हा वेगळा दोष नाही. चौथ्या तपासणीतील नियमांनी जे निष्कर्ष लगेच बाद होतात ते आकृतीविना बाद करावेत आणि उरलेल्यांसाठीच पेन्सिल उचलावी. घड्याळ न लावता दहांपैकी नऊ बरोबर येईपर्यंत घड्याळ लावूच नये.

केव्हा थांबावे आणि कोणाकडे जावे

अक्षरे लिहून, घड्याळ न लावता आणि व्हेनची आकृती काढूनही उत्तरे चुकत असतील, तर एकट्याने आणखी सराव करणे थांबवावे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय शिकवला जातो. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातील त्या विषयाच्या शिक्षकांना गाठावे आणि सोबत चुकलेल्या प्रश्नांचा तो कागद न्यावा. शिक्षकांसमोर प्रश्न सोडवताना विचार मोठ्याने बोलून दाखवावा, कारण दोष उत्तरात नसून मधल्या एखाद्या पायरीत असतो आणि ती पायरी दुसऱ्यालाच ऐकू येते. यासाठी महागडा नवा वर्ग लावण्याची आवश्यकता नाही.

आपले उत्तर पक्के असूनही उत्तरतालिकेशी जुळत नसेल, तर आधी ती कोणाची आहे ते पाहावे. खासगी प्रश्नसंचाची असेल, तर प्रश्न खोडून पुढे जावे, कारण अशा संचांत छापील चुका पुष्कळ असतात आणि एका प्रश्नावर संध्याकाळ घालवण्यात अर्थ नसतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पहिली उत्तरतालिका असेल, तर विहित मुदतीत कारणासह हरकत नोंदवावी, आणि हरकतीत निष्कर्ष मोडणारी स्थिती शब्दांत मांडावी.

एक प्रसंग असा असतो, की जेथे तर्कशास्त्राच्या शिक्षकाचाही उपयोग होत नाही. ‘नाही’ हा शब्द वाचनातून गळतो, ओळ सुटते, अक्षरांची अदलाबदल होते, आणि असे केवळ याच प्रकरणात न होता उताऱ्यावरील प्रश्नांत व गणिताच्या शाब्दिक उदाहरणांतही होते, तेव्हा आधी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याने फरक पडला नाही आणि शाळेपासून असेच होत आले असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे जावे.